एकच मोटार, एकच कायदा, मग कर दोनदा का?

जुनी मोटार विकत घेणे हा आता श्रीमंतांचा शौक राहिलेला नाही. तो गरजवंताचा व्यवहार झाला आहे. नव्या गाडीची किंमत ज्याच्या आवाक्याबाहेर आहे, पण म्हाताऱ्या बापाला इस्पितळात न्यायचे आहे, रात्रपाळीहून घरी यायचे आहे, वर्षातून दोनदा गावी जायचे आहे, असा माणूस ओळखीपाळखीने जुनी गाडी शोधतो. मध्ये व्यापारी नको, त्याची अडत नको, म्हणून तो शक्यतो आप्ताकडून किंवा आप्ताच्या स्नेह्याकडून घेतो. व्यवहार चहाच्या पेल्यावर एका दुपारी होतो. पैसे हाती पडतात, किल्ली हातात येते, आणि गाडी घेणाऱ्याची झाली असे दोघेही समजतात. हा समज किती खोटा आहे आणि तो खोटा ठरविण्यास कोणाची व्यवस्था जबाबदार आहे, याचा जाब आज आम्हांस विचारावयाचा आहे.

बडोद्याच्या उत्तरेस मही नदीच्या बाजूला नंदेसरीची औद्योगिक वसाहत आहे. रसायनांचे कारखाने, रंगद्रव्यांचे कारखाने, त्यांच्या भोवती पोटासाठी आलेली माणसे. बडोदे हे मराठी माणसाला परके शहर नव्हे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा मुलगा १८७५ साली तेथील गादीवर बसला आणि सयाजीराव गायकवाड म्हणून त्याने चौसष्ट वर्षे राज्य केले. २०१८ साली ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. राजवाड्यामागून आलेली मराठी आणि कारखान्यामागून आलेली मराठी अशा दोन्ही तेथे नांदतात. दुसऱ्या मराठीचे बहुतेक वाडे नाहीत, भाड्याच्या खोल्या आहेत. तिचे नातेगोते खानदेशात, नाशिकात, पुण्यात आहे. म्हणून तिची जुनी मोटारही पुष्कळदा तिकडूनच येते.

समजा, नंदेसरीच्या अशा एका कामगाराने नंदुरबारच्या आपल्या मावसभावाची गाडी घेतली. पाटीवर एमएच ३९. नंदुरबार ते बडोदे हा प्रवास काही तासांचा. वाटेत नवापूर लागते. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तेथील फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध राज्यसीमा जाते, आणि दोन राज्यांत एकाच वेळी बसण्याची मौज प्रवासी घेतात. बाकाला जे साधते ते मोटारीला साधत नाही! तीच मोटार सीमा ओलांडून नव्या मालकाच्या दारात उभी राहिली की तिला नवे नाव हवे, नवा क्रमांक हवा, नवा कर हवा, आणि या सर्वांच्या आधी जुन्या राज्याचा ‘ना-हरकत दाखला’ हवा. हरकत कोणाची, कशाला, हे मात्र कोणी सांगत नाही.

या कामगाराची वाट कशी जाते ते वाचकांनी नीट पाहावे. विकणाऱ्याने नंदुरबारच्या परिवहन कार्यालयाकडे नमुना २८ भरून ना-हरकत दाखला मागावयाचा. त्यासाठी चासीच्या क्रमांकाचा पेन्सिलीने घेतलेला छाप, विम्याचा कागद, धुराचा म्हणजे पीयूसीचा दाखला, कर भरल्याचा पुरावा. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर कर्ज फिटले असले तरी पुस्तकावरचा बँकेचा बोजा नमुना ३५ भरून अगोदर उतरवावयाचा. पूर्वी कधी सिग्नल मोडल्याचा दंड थकला असेल तर तो भरावयाचा. मग विक्रीची खबर देणारा नमुना २९, मालकी बदलण्याच्या अर्जाचा नमुना ३०. नंतर हे सारे बाड घेऊन बडोद्याचे कार्यालय गाठावयाचे. तेथे नव्या क्रमांकासाठी नमुना २७, गाडीची तपासणी, पत्त्याचा पुरावा आणि गुजरात राज्याचा कर. हे सर्व पार पडले म्हणजे जीजे ०६ ही अक्षरे त्याच्या पाटीवर येतात. तोवर नंदेसरीच्या माणसाने रजा किती टाकल्या, दोन शहरांत फेऱ्या किती मारल्या आणि कार्यालयाबाहेरच्या झाडाखाली बसलेल्या एजंटाच्या हातावर काय ठेवले, याची नोंद कोणत्याही पुस्तकात होत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ चा मोटार वाहन कायदा संसदेने केला. त्याचे कलम ४६ सांगते की भारतात एका ठिकाणी नोंदलेली गाडी सबंध भारतात नोंदलेली समजावी. वाचून ऊर भरून यावा असे हे कलम आहे! पण लगेच पुढचे कलम ४७ येते आणि बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात राहिली तर नवा क्रमांक घेण्यास फर्मावते. पुष्कळ लोक या बारा महिन्यांच्या भरवशावर राहतात. त्यांना हे ठाऊक नसते की ही मुदत आपली गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात राहावयास गेलेल्या माणसाची आहे. ज्याने गाडी विकत घेतली त्याला कलम ५० लागू होते, आणि त्याने तीस दिवसांच्या आत आपल्या भागातील कार्यालयाला मालकी बदलल्याचे कळविले पाहिजे. विकणाऱ्याला एकाच राज्यातील व्यवहारात चौदा दिवस आणि परराज्यातील व्यवहारात पंचेचाळीस दिवस. म्हणजे घेणाऱ्याने तीस दिवसांत जावे, आणि तो ज्या दाखल्यावाचून पाऊल टाकू शकत नाही तो दाखला पाठविण्यास देणाऱ्याला पंचेचाळीस दिवस! ज्यांनी हे गणित बसविले त्यांनी स्वतःची गाडी कधी विकली नसावी.

परंतु या पत्राच्या वाचकांसमोर आम्हांस मांडावयाची खरी गोष्ट याहून निराळी आहे, आणि ती कराची आहे.

महाराष्ट्र ज्या कायद्याने मोटारींवर कर बसवितो तो १९५८ सालचा आहे. गुजरात ज्या कायद्याने मोटारींवर कर बसविते तोही १९५८ सालचाच आहे. हा योगायोग नाही. तो एकच कायदा आहे! १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्विभाषिक अस्तित्वात आले. त्या द्विभाषिकाच्या विधिमंडळाने १९५८ साली ‘मुंबई मोटार वाहन कर अधिनियम’ संमत केला, आणि तो बडोद्यालाही लागू होता व ज्या पश्चिम खानदेशात त्या वेळी नंदुरबार होते त्यालाही लागू होता. त्या दिवसांत नंदुरबारची मोटार बडोद्यास गेली असती तर ती राज्यातल्या राज्यात गेली असती. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली. जमीन वाटली, नोकर वाटले, कर्ज वाटले. कायदा मात्र वाटता येत नाही, म्हणून त्याच्या दोन नकला झाल्या. पुढे दोन्ही राज्यांनी आपापल्या नकलेवरून ‘मुंबई’ हे नाव खोडून एकीने महाराष्ट्र लिहिले, दुसरीने गुजरात लिहिले. आज नंदेसरीचा कामगार या दोन नकलांच्या मध्ये भरडला जात आहे. एकाच बापाचे दोन मुलगे एकाच कुळाकडून एकाच शेताचा खंड दोनदा मागत आहेत!

द्विभाषिक मोडले याचे आम्हांस तिळमात्र दुःख नाही. ते मोडावे म्हणून मराठी माणसाने रक्त सांडले. पण भाषावार राज्य मागितले ते जनतेचा कारभार जनतेच्या भाषेत व्हावा म्हणून. प्रत्येक सीमेवर नवे जकातीचे नाके उभे राहावे म्हणून ते कोणी मागितले नव्हते. नाक्यावरचा आडवा बांबू काढला आणि तोच बांबू कार्यालयाच्या खिडकीत आडवा लावला, तर जनतेच्या पदरात काय पडले?

हा दुहेरी कर कसा चालतो ते समजून घ्यावे. खाजगी मोटारीचा कर नवी गाडी घेतानाच एकरकमी घेतला जातो. पेट्रोलवर चालणाऱ्या दहा लाखांपर्यंतच्या खाजगी मोटारीला महाराष्ट्र किंमतीच्या ११ टक्के कर लावतो, गुजरात ६ टक्के लावते. म्हणजे पाच लाखांच्या गाडीला पहिल्या मालकाने नंदुरबारात ५५ हजार रुपये मोजलेले असतात. ते गाडीच्या सबंध आयुष्याचे मोजलेले असतात. गाडी चारपाच वर्षांनी बडोद्यास गेली की उरलेल्या वर्षांचा कर महाराष्ट्राने परत करावा आणि गाडीच्या वयाचा हिशेब करून गुजरातने आपला कर घ्यावा, अशी कागदावरची योजना. घेणारे राज्य आपली रक्कम खिडकीवरच घेते, त्याशिवाय क्रमांक देत नाही. देणाऱ्या राज्याकडून परतावा मिळविण्यासाठी मात्र अर्ज करावा लागतो, नव्या राज्यात नोंद होऊन तेथे कर भरल्याचा पुरावा जोडावा लागतो, आणि वाट पाहावी लागते. कर घेताना सरकारला घाई असते, देताना सरकारला चौकशी सुचते! ज्याने मूळ कर भरला तो विकणारा, ज्याला नवा कर भरावा लागला तो घेणारा. मग परतावा कोणाचा, यावरून दोन मावसभावांत तंटा. सरकारने दोघांचे पैसे घेतले आणि भांडण मात्र त्यांच्या घरात लावून दिले.

याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला आहे. लोक गाडी नावावर करतच नाहीत. विकणारा नमुना २९ आणि ३० वर कोऱ्या जागा ठेवून सह्या करतो, पुस्तक आणि किल्ली देतो, आणि ‘आता तू बघ’ म्हणतो. घेणारा ते कागद कपाटात ठेवतो. त्याला दोन वर्षांनी दुसरी गाडी मिळाली की तो तेच कोरे कागद तिसऱ्याच्या हातात देतो. गाडी नंदुरबारहून नंदेसरीला, नंदेसरीहून आणंदला, आणंदहून कोठे जाते ते देव जाणे. पुस्तकावर मात्र पहिल्याच मावसभावाचे नाव कोरलेले राहते.

हे नाव पुसले न जाण्याची किंमत किती आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी स्पष्ट केले. त्या प्रकरणातील गाडी पहिल्या मालकाने २००७ साली विकली होती. पुढे तिने आणखी हात बदलले. २००९ साली तिच्या अपघातात एकाचा बळी गेला. गाडीचा विमा नव्हता. पहिला मालक म्हणाला, गाडी माझी नाही, मी ती केव्हाच विकली. न्यायालयाने सांगितले की नोंदवहीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि नुकसानभरपाई त्यानेच दिली पाहिजे. अपघातात सापडलेल्या कुटुंबाने विक्रीच्या साखळीतील एकेक कडी शोधीत दारोदार हिंडावे हे न्यायाला धरून नाही. या निर्णयास आम्ही नावे ठेवीत नाही. ज्याचे माणूस गेले त्याच्या बाजूने न्यायालय उभे राहिले हे योग्यच झाले. पण मग ज्या नोंदवहीवर माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते ती नोंदवही बदलणे सोपे करणे हे सरकारचे पहिले कर्तव्य नव्हे काय?

अपघाताचेच भय आहे असे नाही. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ एका मोटारीत भीषण स्फोट झाला. पाटीवरील क्रमांकाच्या मागाने पोलीस प्रथम पोहोचले ते हरियाणातील नोंदणीकृत मालकाकडे, आणि त्याने ती गाडी आधीच विकलेली होती. मग एका हातातून दुसऱ्या हातात असा तिचा माग काढावा लागला. राष्ट्राच्या राजधानीत रक्ताचा सडा पडला असताना तपासाचे पहिले तास जुन्या विक्रीचे धागे उलगडण्यात जावेत, यापेक्षा या व्यवस्थेच्या दिवाळखोरीचा अधिक ढळढळीत पुरावा कोणता हवा? नोंद अवघड करून सुरक्षितता वाढते असे ज्यांना वाटते त्यांनी याचे उत्तर द्यावे.

विम्याची कथाही हीच. कलम १५७ प्रमाणे तिऱ्हाईताच्या नुकसानीपुरता विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे आपोआप जातो. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असा आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नव्वदीच्या दशकातच सांगून ठेवले आहे. नव्या मालकाने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून आपले नाव चढविले पाहिजे. नंदेसरीच्या ज्या माणसाने पै पै साठवून गाडी घेतली, ती चोरीला गेली किंवा जळाली तर हप्ता भरलेला असूनही तो रिकाम्या हाताने परतण्याची पाळी येऊ शकते.

सरकारी बाजूने यावर एक ठराविक उत्तर येते. चोरीच्या गाड्या दुसऱ्या राज्यात नेऊन विकल्या जातात, कर बुडविला जातो, म्हणून दाखल्याची आवश्यकता आहे, असे म्हटले जाते. हे उत्तर एके काळी खरे होते. नंदुरबारची वही नंदुरबारात आणि बडोद्याची वही बडोद्यात होती तेव्हा एका कार्यालयाने दुसऱ्याला कागद धाडल्यावाचून गत्यंतर नव्हते. आज ती स्थिती आहे काय? देशभरातील गाड्यांची नोंद ‘वाहन’ या एकाच संगणकीय यंत्रणेत आहे. बडोद्याच्या खिडकीवरील कारकून गाडीचा क्रमांक टाकून तिचा मालक, तिचा कर, तिच्यावरील बोजा, तिचा विमा पाहू शकतो. ‘चोरीची आहे काय’ हा प्रश्न विचारण्यास यंत्राला क्षण पुरतो. मग जी माहिती सरकारच्या एका हातात आहे ती सरकारच्याच दुसऱ्या हाताला नेऊन देण्यासाठी नागरिकाने हेलपाटे का घालावे? सरकार आपल्या डाव्या हाताची ओळख उजव्या हाताला पटवून देण्याचे काम जनतेच्या खर्चाने करून घेत आहे!

शिवाय जो कायदा पुढे केला जातो त्यातील जनतेच्या हिताचे कलम सांगितले जात नाही. कलम ४८ प्रमाणे ना-हरकत दाखल्याचा अर्ज आला की कार्यालयाने त्याची पावती दिली पाहिजे. नकार द्यावयाचा तर कारणे लेखी कळविली पाहिजेत. तीस दिवसांत नकार कळविला नाही तर दाखला दिला असेच समजले जाते. कलम ५० तर याहून पुढे जाते. दाखला हाती नसेल तर अर्जाची पावती किंवा टपालाची पोच आणि नकार आलेला नाही असे निवेदन, एवढ्यावर परराज्यातील कार्यालयाकडे जाता येते. किती परिवहन कार्यालयांच्या भिंतीवर हे कलम ठळक अक्षरांत लावलेले आहे? शुल्काचा तक्ता भिंतीवर असतो, नागरिकाच्या हक्काचे कलम मात्र कपाटातल्या पुस्तकात असते.

केंद्र सरकारला हा अन्याय दिसत नाही असेही नाही. २०२१ साली ‘बीएच’ म्हणजे भारत मालिका निघाली. ही पाटी लावलेली गाडी कोणत्याही राज्यात न्यावी, नवा क्रमांक नको, ना-हरकत दाखला नको, कर दोन दोन वर्षांचा भरावा. अशी सोय होऊ शकते हे सरकारनेच सिद्ध केले. पण ती कोणाला? सैन्यदलांतील लोकांना, सरकारी व सार्वजनिक उपक्रमांतील नोकरांना, आणि ज्यांची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत आहेत अशा खाजगी कंपन्यांच्या नोकरांना. सैनिकाला ती मिळाली याचा आम्हांस आनंद आहे. पण नंदेसरीच्या एका शेडमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली राबणारा माणूस या यादीत कोठे बसतो? त्याच्या मालकाची चार राज्यांत कार्यालये नाहीत म्हणून तो कमी भारतीय ठरला काय? मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्याची मोटार भारताची, आणि कामगाराची मोटार जिल्ह्याची! समान नागरिकत्वाची ही व्याख्या आम्हांस मान्य नाही.

‘कर हा राज्यांचा विषय, आम्ही काय करणार’ असे दिल्लीकर म्हणतात. त्यांनी घटनेचे सातवे परिशिष्ट उघडून पाहावे. वाहनांवरील कर हा राज्य सूचीतील ५७ वा विषय आहे हे खरे. पण तो समवर्ती सूचीतील ३५ व्या विषयाच्या अधीन ठेवलेला आहे, आणि त्या ३५ व्या विषयात यांत्रिक वाहने व त्यांवरील कर कोणत्या तत्त्वांवर बसवावे हे स्पष्टपणे घातले आहे. म्हणजे एका गाडीवर एकाच काळाचा कर दोन राज्यांनी घेऊ नये, राज्यांनी आपसांत हिशेब मिटवावा, असे तत्त्व घालून देण्याचा अधिकार संसदेला आहे. घटनाकारांनी किल्ली ठेवून दिली आहे. कुलूप उघडण्याची इच्छा नाही, एवढेच.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडविला तेही पाहावे. ब्रिटनमध्ये गाडीचा क्रमांक गाडीबरोबर राहतो. इंग्लंडची गाडी स्कॉटलंडात विकली म्हणून पाटी बदलत नाही, आणि विक्रीची खबर एका मध्यवर्ती कार्यालयाला दिली की काम झाले. जर्मनीत पूर्वी जिल्हा बदलला की पाटी बदलावी लागे. १ जानेवारी २०१५ पासून जुनी पाटी ठेवण्याची मुभा सबंध देशात मिळाली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात विकणाऱ्याने पाच दिवसांत विक्रीची खबर द्यावयाची असते, आणि तिचे नावच मुळी ‘जबाबदारीतून मुक्तता’ असे आहे. घेणाऱ्याने पुढे आळस केला तर त्याचे प्रायश्चित्त विकणाऱ्याला नको, हे तेथे कळले. आमच्याकडे विकणारा खबर देतो तरी त्याचे नाव पुस्तकावर राहते, कारण घेणाऱ्याचे काम पुरे झालेले नसते.

बेळगाव, निपाणी, कारवार येथील आमच्या वाचकांना हे दुःख समजावून सांगण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्या मामाने भाच्याला दिलेली एमएच ०९ ची गाडी बेळगावच्या रस्त्यावर आली की तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते हे ते जाणतात. कर्नाटक सरकारने २०१४ साली कायदा बदलून परराज्यातील गाडी तीस दिवसांहून अधिक राहिल्यास तिच्यावर आजन्म कर बसविण्याचा घाट घातला, आणि २०१६ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. सीमेवरील माणसाचे नातेगोते सीमेपूर्वीचे आहे. सरकारे त्या नात्यावर कर बसवू पाहतात, मग ते सरकार बंगळूरचे असो, गांधीनगरचे असो, की मुंबईचे असो. आणि मुंबईचे सरकार या पातकातून मुक्त आहे असे कोणी समजू नये. परताव्यासाठी ताटकळत ठेवणारे सरकार मुंबईचेच आहे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पहिली, विकणाऱ्याने ओळख पटवून विक्रीची खबर दिली की त्याच दिवशी त्याची लेखी मुक्तता व्हावी आणि तशी नोंद ‘वाहन’वर चढावी. दुसरी, ज्या राज्यात गाडी चालली तेथील कार्यालयानेच जुन्या राज्याचा दाखला यंत्रावरून मागवावा, नागरिकाला त्यासाठी पाठवू नये. तिसरी, उरलेल्या वर्षांचा कर एका राज्याच्या तिजोरीतून दुसऱ्या राज्याच्या तिजोरीत परस्पर जावा, आणि कमीजास्त फरक तेवढाच नागरिकाकडून घ्यावा वा त्याला द्यावा. महाराष्ट्र आणि गुजरात यांचा कायदा मुळात एकच असल्यामुळे याचा आरंभ या दोन राज्यांनी करावा. त्यांना यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. चौथी, भारत मालिकेचे दार सर्व नागरिकांना उघडावे. यांत एकही मागणी अशी नाही की जिच्यामुळे चोराचे फावेल किंवा तिजोरीला भोक पडेल.

सरकारांना खडसावीत असतानाच आमच्या बांधवांनाही दोन शब्द ऐकविणे आम्ही कर्तव्य समजतो. कोऱ्या कागदावर सही करून गाडी देणे हा विश्वास नव्हे, तो निष्काळजीपणा आहे. आप्ताला गाडी दिली म्हणून जबाबदारी आप्ताकडे जात नाही. अन्यायी व्यवस्थेला लाच देऊन बगल देणारा माणूस त्या व्यवस्थेचे आयुष्य वाढवितो. म्हणून, गाडी विकणाऱ्याने किल्ली देण्यापूर्वी दाखल्याचा अर्ज करावा आणि पावती घ्यावी. पावती मिळत नसेल तर अर्ज रजिस्टर टपालाने पाठवून पोच जपावी. विक्रीच्या कागदावर तारीख आणि वेळ लिहावी, नमुना २९ ची प्रत जवळ ठेवावी. घेणाऱ्याने तीस दिवस आणि विम्याचे चौदा दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवावे. तीस दिवसांत नकार आला नाही तर कलम ४८ दाखवून बडोद्याच्या खिडकीवर उभे राहावे. तोंडी नकार घेऊ नये, लेखी मागावा. परताव्याचा हक्क कोणाचा हे विक्रीच्या कागदातच लिहून ठेवावे, म्हणजे दोन भावांत तंटा होणार नाही. बडोद्यातील मराठी संस्थांनी वर्षातून एकदोन दिवस आपल्या सभागृहात टेबल मांडून कामगारांचे हे अर्ज भरून द्यावे. साहित्याची सेवा जिथे झाली तिथे ही सेवाही शोभेल.

१९५८ साली नंदुरबारला आणि बडोद्याला एक कायदा पुरला. आज त्याच कायद्याच्या दोन प्रती दोन खिडक्यांत ठेवून त्यांच्यामध्ये कामगाराला धावविले जात आहे. दोन्ही राज्यांच्या परिवहन मंत्र्यांनी एका टेबलाशी बसून या दोन प्रती एकमेकींशेजारी ठेवाव्या आणि आमच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे: मोटार एक, रस्ता एक, कायदा एक, मग कर दोनदा का? उत्तर नसेल तर दुसरा कर घेणे थांबवावे. आणि तेही करावयाचे नसेल, तर पावत्या, पोचा आणि लेखी नकार यांच्या फायली घेऊन जनता ज्या दिवशी या खिडक्यांसमोर रांगेने उभी राहील, त्या दिवशी ‘आम्हांस माहीत नव्हते’ हे उत्तर ऐकून घेतले जाणार नाही!